अम्माचा आवाज

मावळातल्या बायका दळताना गात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात मावळ-मुळशीकडच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं, लाखाच्या वर ओव्या कागदावर आल्या. १९९० च्या दशकात बेर्नार बेल यांनी त्यातल्या काही हजार ध्वनिमुद्रित केल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या लोकांपुढे आणल्या. आमच्या अम्मापर्यंत मात्र यांपैकी कुणी पोहोचलं नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जात्यापर्यंत कोण पोहोचणार?

अम्माचं माहेर नाणे मावळातलं, लग्न होऊन ती लोणावळ्यात आली. घरात आम्ही दखनी बोलायचो, अब्बांचं वर्तमानपत्र उर्दू. पण अम्माचा हात जात्याच्या खुंट्याला लागला की तोंडातून निघायची ती मराठी. शाळेतली नव्हे, शेजारणींबरोबर दळता दळता अंगी मुरलेली. त्या बायका भावाला पंढरीच्या वाटेला लावायच्या, अम्मा त्याच चालीत आपल्या भावाला हजला पाठवायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ‘मुसलमान असून तुमची मराठी इतकी चांगली कशी?’ हा सवाल सभासंमेलनांत मला अजूनही विचारला जातो. कौतुकानेच विचारतात, पण टोचतो. त्याला उत्तर म्हणून एक तरी ओवी ऐकवावी, असं दर वेळी मनात यायचं.

अम्माच्या अखेरच्या दोन हिवाळ्यांत आपाच्या मुलाने ते काम केलं. तो आमच्याकडे राहतो, तळेगावला कारखान्यात कंत्राटावर आहे. नानीजवळ बसून त्याने आपल्या फोनवर तेवीस ओव्या घेतल्या. जातं तेव्हा फिरत नव्हतं. अम्मा खाटेवर बसून नुसता हात फिरवायची, त्याशिवाय तिला ओळ आठवत नसे. २०२४ च्या थंडीत ती गेली. अल्लाह तिची मगफिरत करो.

पुढच्या जुलैत कामावरून परतताना भाचा वलवणजवळ स्कूटरसह घसरला. त्याला खरचटलं तेवढंच, फोन मात्र रस्त्यावरच्या पाण्यात पडला तो गेलाच. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. इथे भिंती ओल धरतात, फोनची काय कथा! ओव्या गेल्या असं वाटून मी बसूनच राहिलो. भाचा म्हणाला, ‘मामू, लॅपटॉपवर बॅकअप है.’ कपाटात जुना फोनही होता, आयफोन ६. त्यावर बॅकअप चढवायचा, बस्स.

दोन तास खटपट झाली आणि पडद्यावर सूचना आली, या फोनची प्रणाली बॅकअपच्या मानाने फार जुनी आहे. प्रणाली अद्ययावत करावी तर तीही होईना. हे मॉडेल २०१४ चं. २०१९ साली तेरावी आवृत्ती आली ती त्याच्यासाठी नव्हतीच. ते बाराव्या आवृत्तीवर थांबलं. आयफोन असो की अँड्रॉइड, नियम तोच: बॅकअप ज्या आवृत्तीवर घेतला, तिच्याहून जुन्या आवृत्तीवर तो रिस्टोअर होत नाही. जुनं सामान नव्या घरात मांडता येतं. नवं सामान जुन्या घरात नेलं तर ते कुठे ठेवायचं हे त्या घराला कळतच नाही, कारण ते बांधलं तेव्हा तसलं सामान अस्तित्वात नव्हतं.

मला कार्ल्याचं लेणं आठवलं. तिथल्या चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकून आहेत आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. ती लिपी शतकानुशतकं कुणाला वाचता येत नव्हती. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला. म्हणजे मागचं लिहिलेलं पुढच्याने वाचलं. आमचं उलटं होतं. पुढचं लिहिलेलं मागच्याला वाचता येत नव्हतं, आणि दगडासारखी थांबायला आम्हाला सवड नव्हती. अम्माची बरसी जवळ आली होती. आपा साताऱ्याहून येणार होती. मधुमेहाने आपाची नजर गेली आहे. फोटो तिच्या काही कामाचे नाहीत.

बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, ‘काका, हप्त्यावर नवीन घ्या.’ भाच्याच्या पगारात आधीच स्कूटरचा हप्ता बसलेला. शेवटी पुण्यात शिकणारी माझी पुतणी रविवारच्या लोकलने आपला फोन घेऊन आली. तो नव्या आवृत्तीचा. आधी तिच्या फोनचा बॅकअप घेतला, मग फोन कोरा केला, मग त्यावर भाच्याचा बॅकअप चढवला. पोरीने आपला फोन आमच्यासाठी पुसू दिला, हे मी विसरणार नाही. या वयाच्या मुली फोन हातातही देत नाहीत. मगरिबच्या सुमाराला रेकॉर्डिंगची यादी पडद्यावर आली. मोजली. तेवीस.

भाच्याने त्या तेवीसच्या तेवीस सुट्या ध्वनिफिती करून लॅपटॉपवर काढल्या, दोन पेनड्राइव्हवर घातल्या, एक माझ्याकडे दिला. पुतणीचा फोन पुन्हा पूर्ववत केला. मग सहज म्हणून एक फीत त्याने मेलने त्या जुन्या फोनवर पाठवली, आणि ती वाजली! सगळं गाठोडं नाकारणाऱ्या फोनला एकटी ओवी चालत होती. भाचा म्हणाला, साध्या आवाजाच्या फायलीची बांधणी फार वर्षांत बदललेली नाही. बदलतं ते गाठोडं बांधायचं तंत्र.

आपा आली तेव्हा तोच फोन तिच्या हातात दिला. बटण मीच दाबलं. मागे कुकरची शिटी, खोकला, मग अम्मा सुरू झाली. दीड ओळ झाली आणि ती मध्येच थांबली, ‘चालू है क्या रे ये? बोलना नै क्या, गला साफ करती थी मैं!’

आपा हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘फिरसे लगा.’