बोटीवरचा डॉक्टर आणि हरसूल

१ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. या पदावरच्या त्या पहिल्या महिला, म्हणून गौरव झाला आणि तो रास्तच आहे. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक म्हणून मला मात्र त्यांची वाटचाल अधिक मोलाची वाटते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिकून १९८५ मध्ये त्या सेवेत आल्या. किरणोपचारतज्ज्ञ झाल्या. लष्कर, नौदल, हवाई दल अशा तिन्ही दलांचा गणवेश त्यांनी घातला. मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय सांभाळलं, एएफएमसीची धुरा वाहिली. जवळपास ३९ वर्षं एकेक पायरी चढल्यावर हे पद आलं. अशी शिडी दुर्गम भागातल्या सरकारी डॉक्टरलाही हवी, असं माझं ठाम मत आहे.

नौदलातला तरुण डॉक्टर बोटीवर जातो तेव्हा त्याच्या हाताशी एक छोटा सिक-बे म्हणजे उपचारखोली, मोजकी औषधं आणि एखाददुसरा प्रशिक्षित सहायक असतो. किनारा दूर. रुग्णाला इथेच सांभाळायचं की हेलिकॉप्टर मागवायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं. उपचारांइतकंच पिण्याचं पाणी आणि भटारखान्याची स्वच्छता तपासणं हेही त्याचंच काम. आता नाशिक जिल्ह्यातलं, गुजरात सीमेलगतचं हरसूल पाहा. भर पावसात पाड्यावरून साप चावलेला माणूस आणतात, तेव्हा प्रतिविष किती द्यायचं, श्वास अडखळला तर काय करायचं आणि नाशिकला केव्हा हलवायचं, हे तिथल्या डॉक्टरलाच ठरवावं लागतं. जबाबदारी तीच. पण नौदलात अशी नेमणूक घडणीचा भाग असते, आपल्याकडे तिला शिक्षेची बदली म्हणतात.

सैन्याकडे पैसा आहे, हुकूम आहे आणि रुग्ण तरुण, धडधाकट आहेत, असा आक्षेप येईल. पैशाचा मुद्दा खराच. पण सैन्याची वैद्यकीय सेवा जवानांची बायकामुलंही सांभाळते, आणि नेमणुकांची शिस्त लावायला तोफा लागत नाहीत. दुसरा आक्षेप असा की दुर्गम सेवेला पदव्युत्तर प्रवेशात सवलत आहेच. आहे, पण ती गाव सोडण्याची वाट ठरते, वर चढण्याची नव्हे. सैन्यातला अनुभव नागरी क्षेत्रात रुजतो का, याचं उत्तर नाशिकमध्येच आहे. सैन्यातल्या डॉक्टर लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर निवृत्तीनंतर २०२१ मध्ये इथल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. एएफएमसीच्या विद्यार्थ्यांची पदवीही याच विद्यापीठाची.

म्हणून शासनाकडे माझी एकच मागणी आहे. हरसूलसारख्या ठिकाणी किमान दोन वर्षं रुग्णालय चालवल्याखेरीज कुणालाही जिल्हा शल्यचिकित्सक करू नये.