रात्रीच्या पहाऱ्याची वीणा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा बदलताना नवा वीणेकरी वीणेच्या पाया पडतो आणि ती आपल्या गळ्यात घेतो. नामात खंड पडू द्यायचा नसतो. संत गोरोबाकाकांच्या धाराशिव जिल्ह्यात सप्ताह गावोगावी बसतात. त्यांतले सर्वांत मोलाचे संगीत मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्यांत ऐकू येते. कीर्तनाची गर्दी पांगलेली, मृदंग गवसणीत, मंडपात वीणेकरी आणि फार तर एक-दोन टाळकरी.

वीणेच्या तारा मोकळ्याच छेडल्या जातात. त्यांवर चाल वाजवायची नसते. बोट फक्त ठरल्या अंतराने फिरते. टाळही आदळत नाहीत, कडेला कड हलकेच टेकवून नाद लांबू देतात. ऐकायला सोपे, धरायला फार अवघड. डोळ्यांवर झोप आली की बोट रेंगाळते, भाव दाटला की लय पळते. मुरलेला वीणेकरी लयीची सांगड श्वासाशी घालतो: श्वास सोडताना नाम, घेताना नुसती तार. त्या मोकळ्या जागेत मागचा सूर पुरता विरेपर्यंत ऐकू येतो आणि कान पुढच्याची वाट पाहू लागतात. भरगच्च चालीत वाट पाहायला जागाच उरत नाही. रात्री कर्णा बंद असतो, हे या संगीतावर मोठे उपकार आहेत.

रॉक संगीतात हीच वाट अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या ‘लो’ या त्रयीने धरली. गिटारचा गोंगाट ऐन भरात होता तेव्हा, 1994 मध्ये, त्यांचा ‘आय कुड लिव्ह इन होप’ हा पहिला अल्बम आला. मिमी पार्कर उभ्याने, मोजक्याच ड्रमवर ब्रश फिरवी. ॲलन स्पारहॉकची गिटार एकेक सूर सुटा ठेवी आणि दोघांचे आवाज संथपणे एकत्र येत. या शैलीला ‘स्लोकोअर’ म्हणतात. तिला नुसती उदास ठरवणे चूक आहे. पहाऱ्याचे नामही संथच चालते, पण ते कुणाला उदास वाटत नाही. संथपणाने वाढते ते लक्ष. अल्बम मात्र तासाभरात संपतो, पहारा पुढच्या गळ्यात जातो.

पहाऱ्याचे हे संगीत ऐकायचे असेल तर काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या समाप्तीच्या, दिवशी जाऊ नये. त्याआधीच्या एखाद्या रात्री, तीनच्या पहाऱ्याला, मंडपात खांबाला टेकून बसावे.