हवेचं बटण

डाव्या हाताची चार बोटं अजून माझं ऐकतात. बेसची १२० बटणं न बघता सापडतात, मनगटाची तक्रार नाही, खांदा कुरकुरतो पण दहा-अकरा किलोंची पेटी अजून पेलतो. सोडून चालला आहे तो अंगठा. त्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला आहे, आणि डॉक्टरांनी ‘हे आता वयाचं’ एवढं बोलून फाइल मिटली. अकॉर्डियनवाल्याला डावा अंगठा एकाच कामाला लागतो, हवेचं बटण दाबायला. पट्ट्याच्या टोकाशी असलेलं हे बटण समोरच्याला दिसतही नाही. बहुतेक वादक ते कार्यक्रम संपल्यावर भाता मिटून पेटी खोक्यात घालताना दाबतात, आणि विसरून जातात. मी मात्र त्या बटणाच्या नादी लागलो आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

दोष त्या म्हाताऱ्याचा. आमच्या बँडचं शेवटचं गाणं एका म्हाताऱ्यावर आहे. तीन मजली जुनी सोसायटी, पुनर्विकासाला सगळे तयार, हा एकटा सही देत नाही. कडव्यामागून कडव्यात सेक्रेटरी येतो, बिल्डरचा माणूस पेढे घेऊन येतो, सून नातवाला पुढे करते. चाल तीन मात्रांची, वॉल्ट्झची, ऐकणाऱ्याला नकळत डोलायला लावणारी. शेवटच्या कडव्यात म्हातारा जातो. कमिटी अंत्यदर्शनाला येते आणि हारासोबत शाईचा पॅडही आणते. इथे लोक हसतात. बोरीवलीत तर हमखास हसतात, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांची घरं कुठल्या ना कुठल्या कागदावर अडकलेली असतात. वाद्यं थांबलेली असतात. हसणं ओसरलं की आमची गायिका एक ओळ न गाता नुसती बोलते, ‘अंगठा अजून कोमट होता.’ त्यावर मी खालच्या पट्टीत एक कॉर्ड देतो आणि गाणं संपतं.

एकदा कार्यक्रमानंतर एका सोसायटीचे सेक्रेटरी मुद्दाम विंगेत आले. पूर्वी ७५ टक्के संमती लागायची, २०१९ पासून ५१ टक्के पुरते, तेव्हा एका म्हाताऱ्याच्या अंगठ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, म्हणाले, गाणं दुरुस्त करा. गायिका गोड हसून म्हणाली, काका, त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ते निघून गेले, पण नंतर मला वाटत राहिलं की खरं गाणं तर हेच आहे: गरज नसताना घेतलेला अंगठा.

आता माझी अडचण. शाईच्या पॅडची ओळ गाताना भाता उघडत जातो आणि ओळ संपते तेव्हा तो पुरता ताणलेला असतो. शेवटची कॉर्ड मला ओढीवरच हवी आहे, दाबावर नको. पियानो अकॉर्डियनला दोन्हीकडे सूर तोच असतो हे मलाही माहीत आहे, पण ओढताना डाव्या बाजूचं वजन आपसूक खाली जातं आणि सुरात एक जडपणा येतो. तो मला दाबावर आजवर मिळालेला नाही. म्हणजे हशा आणि ती ओळ यांच्यामधल्या जागेत भाता मिटून घेणं आलं, आणि तेही सुराशिवाय. बटण पूर्ण दाबलं तर हवा भसकन निघून जाते. अर्धं दाबलं तर ती हळूहळू सुटते आणि त्याचा आवाज येतो, लांबलेल्या सुस्काऱ्याचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. म्हातारा गेला कधी हे गाण्यात कुठेही सांगितलेलं नाही. तो इथे जातो, माझ्या पेटीतून.

हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर किती खूश होतो हे सांगायला नको. पण हशाची लांबी रोज वेगळी असते. हशा लवकर विरला तर अर्धा भाता उरलेला असतो आणि सुस्कारा उघडा पडतो. लोक पेटी बिघडली म्हणून माझ्याकडे बघतात. हशा लांबला तर सुस्कारा त्याच्या पोटात गडप होतो आणि गायिका माझ्याकडे ‘झालं का?’ अशा नजरेने बघत राहते. मला हवं आहे ते असं: हशा उतरू लागतानाच हवा सुटायला लागावी, हसणाऱ्याला ती स्वतःच्याच श्वासासारखी वाटावी, आणि ओळीच्या अगदी आधी संपावी. अंगठ्याने बटण किती दाबायचं ते समोरच्या माणसांच्या छातीवर अवलंबून. हे जमलं आहे, पण बोटावर मोजण्याइतक्या वेळा, आणि जमलं त्या रात्री मी घरी जाऊन जेवणार नाही इतका फुगलेलो असे. गायिकेच्या ओळीचं कौतुक झालं की आतून जळायचोही. ओळ तिची, पण म्हातारा मी मारलेला असतो.

गणपतीचा मंडप ही या सगळ्याला सर्वांत वाईट जागा, आणि आम्हाला बोलावणं तिथूनच येतं. बॅनरवर ‘विनोदी गीतांचा कार्यक्रम’ असं छापलेलं असतं. पोरं या प्रकाराला डार्क कॅबरे म्हणतात, पण मंडळाच्या अध्यक्षांना ते कळवून कार्यक्रम मिळत नाही. आरती, मग लहान मुलांच्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ, मग आम्ही, तोंडाला पांढरं फासून आणि डोळ्यांखाली काजळ ओढून. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो. वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सवलत असते, ते दिवस ऑर्केस्ट्रावाल्यांना जातात. म्हणजे आमचा म्हातारा नेमका पावणेदहाच्या सुमाराला, महाप्रसादाच्या ताटांच्या खणखणाटात मरतो. साउंडवाल्याला एको बंद कर म्हणून आधी तीनदा सांगावं लागतं. तो मान हलवतो आणि कार्यक्रम सुरू झाला की हात आपोआप एकोवर जातो. एकोतून निघालेला माझा सुस्कारा म्हणजे कुकरची शिट्टी. तेही सहन केलं असतं, पण एका मंडळात हशा ओसरला, मी अंगठा टेकवला, हवा सुटायला लागली, आणि दुसऱ्या माइकवरून आवाज आला की एमएच ४७ नंबरची पांढरी गाडी कृपया गेटसमोरून काढावी. सगळा मंडप मागे वळला. गायिकेने ती ओळ तशीच बोलून टाकली, आणि गाडीवाल्यालाच सगळ्यांत मोठा हशा मिळाला.

बोरीवलीतल्याच आय. सी. कॉलनीत, ख्रिस्ती वस्तीत, उलटा अनुभव आला. डिसेंबरातला एका आवारातला कार्यक्रम, बरेचसे लोक गोराईकडचे, मराठी समजणारे. तिथे तीन मात्रा सुरू झाल्या आणि आजी-आजोबा जोड्या करून नाचायलाच उठले. म्हाताऱ्याच्या मरणावर वॉल्ट्झ! कुणी हसलं नाही, पण वाद्यं थांबली तेव्हा पावलंही थांबली आणि जिथे होती तिथे राहिली. सुस्कारा अगदी मागच्या भिंतीपर्यंत गेला. एका मावशीने नंतर विचारलं, शेवटी श्वास सोडला तो कुणी? मी छाती पुढे काढून सांगितलं, मी.

मरणावर हसवणारी ही गाणी आम्ही शोधून काढलेली नाहीत, तसा दावा कुणी करूही नये. १९२८ साली बर्लिनला ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ झाला, तो जॉन गेच्या दोनशे वर्षं जुन्या ‘बेगर्स ऑपेरा’वर बेतलेला. वाद्यमेळात बँडोनियन होता, म्हणजे आमच्या पेटीचा चुलतभाऊ. त्यातलं सुरीवाल्याचं गाणं हे जत्रेत चित्रं दाखवत खुनाच्या कहाण्या गाणाऱ्यांच्या धाटणीवर बांधलेलं आहे. हाताने फिरवायच्या पेटीवर ते सुरू व्हायचं होतं आणि पहिल्या रात्री त्या पेटीतून सूरच निघाला नाही असं सांगतात. मला हे फार आवडतं. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी अजून चित्रं लावून कथा सांगतात. परशुराम गंगावणेंना त्यासाठी पद्मश्री मिळाली. ते रामायण सांगतात, बर्लिनचा गडी खून सांगायचा. पण समोर चित्र धरायचं आणि सूर असा लावायचा की बघणाऱ्याने चित्रातून मान काढू नये, ही हातोटी एकच.

मराठीत ‘थ्रीपेनी ऑपेरा’ आला १९७८ साली, ‘तीन पैशाचा तमाशा’ होऊन. पु. ल. देशपांड्यांचं रूपांतर, थिएटर अकॅडमी, दिग्दर्शन जब्बार पटेल. मी शाळेत होतो, थोरल्या भावाने नेलं. नंदू भेंडे हातात माइक असल्यासारखा रॉक गातो आहे आणि त्याच रंगमंचावर तमाशाही चालू आहे, हे पाहून मला काही कळलं नाही आणि सगळं कळलं. त्या एका नाटकानंतर आपल्या गाण्याने ती वाट धरायला हवी होती. नाही धरली. काळं हसणं आपण नाटकात आणि कवितेत ठेवलं. गाण्याला मात्र कायम भक्ती, प्रीती आणि पाऊस दिला. माझं हे मत कुणाला पटत नाही, गायिकेलाही नाही. ती म्हणते, काका, भारुडं विसरलात. बरोबर आहे तिचं. पण भारूड शेवटी माणसाला सावरतं. आमचा म्हातारा कुणाला सावरत नाही.

आणि कॅबरे म्हणावं तर बोरीवलीच्या मंडपांनी तो भरपूर पाहिला आहे. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत दहाच्या पुढे ‘कारवाँ’मधलं हेलनचं गाणं झाल्याशिवाय लोक उठत नसत, आणि खुर्च्यांवरच्या बायका पदराआडून बघत. तेव्हा प्रत्येक ऑर्केस्ट्रात अकॉर्डियनवाला असायचा. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्डची अकॉर्डियन जे करते ते वाजवता आलं की मंडपात मान मिळे, मी ते वाजवून बराच मान मिळवला आहे. मग की-बोर्ड आले. एक बटण दाबलं की अकॉर्डियन, दुसरं दाबलं की सनई. त्या अकॉर्डियनला भाता नाही, म्हणून ती कधी दमत नाही, आणि जी दमत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. लोकांना फरक कळत नाही हेही खरं. नवरात्रात फाल्गुनी पाठकच्या गरब्याला बोरीवलीचं जे मैदान भरायचं ते आठवलं की आमचं मांडणं म्हणजे कोपऱ्यातली कुरकुर आहे हे समजतं. तिच्या तालात शांततेला जागाच नाही. तिथे कुणी थांबलं तर मागचा अंगावर येईल. मला तिचा हेवा वाटतो तो गर्दीचा नाही. तिला कुणाच्या हशाची वाट बघावी लागत नाही.

अंगठा दुखायला लागला तशी दहिसरची एक मुलगी शिकायला आली. इंजिनीअरिंग करते, आधी की-बोर्ड वाजवायची. माझा तिरस्कार पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आला, पण तिने तो मनावर घेतला नाही. भाता ती लवकर शिकली. तिला मी म्हाताऱ्याचं गाणं दिलं आणि शेवटची अडचण मुद्दाम सांगितली नाही. बघू दे स्वतः, म्हटलं. पुढच्या रविवारी ती वहीत पेन्सिलीने बाण काढून आली. कुठल्या मात्रेला भाता उघडायचा, कुठे मिटायचा, सगळं तीन-तीन मात्रांच्या गटांनी लिहिलेलं. शेवटच्या कडव्यात तिने एक पालट आधी घेतला होता. त्यामुळे शाईच्या पॅडची ओळ तिला दाबावर मिळते, ओळ संपते तेव्हा भाता आपोआप मिटलेला असतो, आणि शेवटची कॉर्ड मोकळी, ओढीवर.

‘सर, मग ते बटण लागतच नाही,’ ती म्हणाली.

वाजवून दाखवलं. स्वच्छ. हशा कितीही लांबो, कितीही आखूड पडो, पेटी गप्प बसते आणि गायिकेला हवा तेवढा वेळ मिळतो. पालट ऐकू आला का म्हणून मी कान लावून बसलो होतो, नाही आला. तालमीला आलेली गायिका तर जागेवरून उठून तिच्या पाठीवर थाप मारायला गेली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, काका, तुमचा अंगठा दुखायला लागला तेव्हाच मी म्हटलं होतं, गाणं आता तुमच्यावरच आलंय. मला ते तेव्हाही विनोदी वाटलं नव्हतं.

मी त्या मुलीला म्हटलं, हे बरोबर आहे, पण म्हातारा कुठे गेला? तिला कळलं नाही. मी डाव्या हाताची उरलीसुरली ताकद लावून अर्धं बटण दाबून दाखवलं. सांध्यात कळ गेली, हवा तुटकतुटक निघाली, अजिबात न जमलेला सुस्कारा. तिने तो पूर्ण होऊ दिला आणि म्हणाली, सर, हे छान आहे, पण हे ऐकलं की माझं लक्ष तुमच्याकडे जातं. ओळीकडे जात नाही.

हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही. मी तर नाही. त्यावर मी दोन आठवडे तिचा तास घेतला नाही, कारण सांगितलं अंगठ्याचं.

माघी गणपतीत एका मंडळाने बोलावलं आहे. पाच गाणी ती वाजवणार, मी तोवर विंगेत. म्हाताऱ्याचं गाणं कुणी वाजवायचं हे ठरत नाही. गायिकेने सुचवलं की पेटी मुलीनेच घ्यावी आणि सुस्कारा मी माइकजवळ उभा राहून तोंडाने द्यावा, म्हणजे दोघांचंही राहील. मुलगी हसली. मी नाही म्हटलं, मग घरी येऊन आरशासमोर करून पाहिला. तोंडाचा सुस्कारा फार माणसासारखा येतो, त्यात नाटक दिसतं. शिवाय एको लागणारच. परवा साउंडवाल्याला फोन करून विचारलं, पेटीच्या डाव्या बाजूला, भात्याच्या अगदी जवळ, एक वेगळा माइक देता येईल का? तो म्हणाला, देतो, पण तिथे वाजणार काय?