खुनी नाताळच्या आत सापडला पाहिजे

पटकथेच्या वर्गात मी एक अमेरिकन टीव्हीपट हमखास दाखवते. ‘मर्डर, शी बेक्ड : अ प्लम पुडिंग मिस्ट्री’, हॉलमार्क वाहिनीचा, २०१५ च्या नाताळातला. नावालाच पोरं हसतात. हसोत बापडी.

जोआन फ्लूक यांच्या कादंबरीवरची ही गोष्ट. मिनेसोटातल्या छोट्या गावात हॅना ‘कुकी जार’ नावाची बेकरी चालवते. नाताळची झाडं विकणाऱ्याचा खून होतो आणि प्रेत नेमकं तिलाच सापडतं. तपास पोलीस अधिकारी माइककडे. त्याचा तिच्यावर जीव आहे. पण गावातला दंतवैद्य नॉर्मनही तिच्या मनातून पुरता उतरलेला नाही.

आता कारागिरी बघा. दोन तासांच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या, की हातात उरतात पंचाऐंशीच्या आसपास मिनिटं. अशा पटकथेचे बहुधा नऊ तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा अशा जागी तोडायचा, की चहा टाकायला उठलेला माणूस धावत परत आला पाहिजे. निव्वळ प्रेमकथेत एवढे धक्के आणायचे कुठून? दोन समंजस माणसं एकमेकांना आवडली, तर लेखकाला ओढूनताणून गैरसमज घडवावे लागतात. इथे जाहिरातींची जबाबदारी प्रेत घेतं आणि प्रेमाला रमतगमत चालायची मोकळीक मिळते. उलट चौकशी म्हणजे नुसती रटाळ प्रश्नोत्तरं. तिच्यात जीव येतो तो प्रेमामुळे. ‘तू यात पडू नकोस’ असं पोलीस अधिकारी नायिकेला बजावतो, तेव्हा ते कायद्याचंही बोलणं असतं आणि काळजीचंही. एका वाक्यात दोन्ही कथा पुढे सरकतात. लिहायला हे वाटतं तितकं सोपं नाही.

सणाचाही उपयोग होतोच. मुदत आयती मिळते, दूरची माणसं घरी परततात, म्हणजे संशयितही आयते. रक्त मात्र दिसता कामा नये, आणि मेलेल्यावर अर्धं गाव चिडलेलं असलं तर बरं. मग कुणाचा सण नासत नाही. बर्फाचं म्हणाल, तर असे कितीतरी नाताळपट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, बरेचदा ऐन उन्हाळ्यात चित्रित होतात. खोट्या बर्फात, जाड कोटात नटमंडळी घामाघूम.

रहस्य बहुतेकदा कच्चंच असतं, हे कबूल. चेहरा ओळखीचा आणि काम मात्र चिमूटभर, असा कुणी दिसला की समजावं, खुनी तोच!

‘मॅडम, खुनाऐवजी दुसरं काही चालेल का?’ हा प्रश्न वर्गात ठरलेला. चालतं की. ‘मिस्ट्री ऑन मिसलटो लेन’ (२०२३) मध्ये जुन्या घरात दडलेल्या खुणांचा माग काढायचा आहे. गोड आहे. पण ‘यात पडू नकोस’ म्हणायला तिथे कारणच उरत नाही, आणि नायकाच्या वाट्याला येते ती फक्त मदत.