आमचा कलप

गेल्या आषाढांत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, आम्हीं डोक्यास प्रथमच कलप लावला. औंढा नागनाथासारख्या गांवांत ही गोष्ट लपून राहणें शक्य नव्हतें, आणि राहिलीही नाहीं. देवळाच्या वाटेवरील प्रत्येक दुकानांतून आमच्या मस्तकाचें निरीक्षण झालें. कोणी म्हणालें, मास्तरांनीं पेन्शनींत गेल्यावर दुसरी नोकरी धरली असावी. कोणी म्हणालें, पुतणीचें लग्न काढलें असेल, व्याह्यांसमोर वय झांकावयाचें आहे. दोन्ही तर्क चुकीचे असल्यामुळें खरी हकीकत आम्हींच सांगून टाकावी हें बरें.

वास्तविक कलप लावणाऱ्या गृहस्थांविषयीं आमचें मत कधींच चांगलें नव्हतें. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविल्यामुळें पांढरा केस म्हटला कीं आम्हांस रघुवंशाचा बारावा सर्ग आठवतो. दशरथाच्या कानाजवळचे केस पिकले. जणूं जराच कानाशीं येऊन राज्य आतां रामाच्या स्वाधीन कर म्हणून कुजबुजली, ही कालिदासाची कल्पना आम्ही संधि सांपडेल तेव्हां वर्गांत सांगत असूं. हा निरोप ज्याला नकोसा वाटतो तो निरोप्याच्याच तोंडाला काळें फासतो, आणि त्यालाच कलप म्हणतात, असें आम्ही वर पुस्ती जोडीत असूं. मुलें हंसत. आतां त्यांतले कांहीं विद्यार्थी रस्त्यांत भेटतात आणि आमच्या डोक्याकडे पाहून हंसतात. हिशेब चुकता झाला.

पण मूळ गोष्ट निराळी आहे. आमच्या आईस चौऱ्यायशीवें वर्ष चालू आहे. दोन वर्षांपूर्वीं तिची स्मृति हळूहळू साथ सोडूं लागली. प्रथम दूध उतूं जाऊं लागलें, मग वार चुकूं लागले, मग सुनांचीं नांवें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं अशा दुखण्यांत अलीकडचें आधीं पुसलें जातें आणि जुनें त्या मानानें टिकून राहतें. आम्हीं तें ऐकून घेतलें. समजलें मात्र चैत्रांतल्या एका दुपारीं. आम्ही बाहेरून आलों, तों आई ओसरीवर बसली होती. आम्हांस पाहतांच ती लगबगीनें उठली, पदर डोक्यावरून सारखा केला, आणि भिंतीकडे पाहत हलकेंच म्हणाली, “आज फार उशीर केलात. पान वाढूं का?”

आमच्या वडिलांस जाऊन अकरा वर्षें झालीं आहेत. नाक त्यांचें, चालणें त्यांचें, आणि साठीच्या उंबरठ्यावर डोकेंही त्यांच्यासारखेंच पांढरें शुभ्र. पिकलेलें डोकें असलेला मुलगा तिच्या आठवणींत कोठेंच नव्हता, नवरा होता. त्या दिवसापासून ती आमच्यासमोर जेवीना. आमच्या पत्नीनें आमच्याशीं दोन शब्द बोललेले तिला खपेनात; ही परकी बाई यांच्याशीं इतकी मोकळेपणानें कशी बोलते, असें ती भावजयीस विचारी. घरांत हंशा होई. पण दिवेलागणीला ती आमच्याजवळ येऊन म्हणे, “दादा अजून घरीं आला नाहीं हो. जरा बघून येतां का?” दादा म्हणजे आम्हीच. मग आम्ही चप्पल पायांत सरकवून स्वतःला शोधावयास निघत असूं, नागनाथाच्या आवारांत एक फेरी घालून परत येत असूं, आणि येतोय मागून, असें सांगत असूं. असें सांगणें फार दिवस जमत नाहीं.

कलपाची कल्पना आमच्या धाकट्या भावजयीची. ती म्हणाली, “दादा, तुमचे केस काळे होते तेव्हांचे तुम्ही त्यांच्या मनांत असाल. एकदां करून तर बघा.” आम्हीं आधीं तत्त्वाचे आढेवेढे घेतले. पण ज्या गांवच्या देवळानें नामदेवांच्या कीर्तनासाठीं आपलें तोंड फिरविलें, आणि म्हणून नंदी पाठीमागें राहिला, अशी कथा आहे, त्या गांवांत आईसाठीं केसांचा रंग फिरविण्यास नाहीं कसें म्हणावें?

पुतण्यानें बाजारांतून काळ्या भुकटीची एक पुडी आणली. पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं प्रथम थोडें द्रव्य कानामागें लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. आम्ही ही सूचना ओलांडणार होतों. पत्नीनें ओलांडूं दिली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं कानामागें लाल चट्टा उठला, आणि तिसऱ्या दिवशीं कान असा सुजला कीं चष्म्याची दांडी बसेना. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या पुतणीनें पुडी वाचून निदान केलें: पॅरा-फेनिलिन-डायअमीन. बहुतेक काळ्या कलपांचा जीव या द्रव्यांत असतो. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किन यानें डांबराच्या कुळांतून पहिला कृत्रिम रंग काढला, आणि त्याच घराण्याच्या जोरावर १९०७ सालीं पॅरिसमध्यें युजीन शुएलर नांवाच्या तरुण रसायनज्ञानें केसांचा रंग तयार करून न्हाव्यांस विकावयास आरंभ केला. आजची लोरेआल कंपनी ती त्याचीच. बहुतेकांस हें द्रव्य सोसतें. ज्यांस सोसत नाहीं त्यांस एकदां बाधा झाली कीं पुढें प्रत्येक वेळीं होण्याचा संभव असतो, आणि ती तोंडभर पसरूं शकते. तेव्हां वाचकांपैकीं कोणास हा मोह होईल त्यानें कानामागची ती परीक्षा टाळूं नये, एवढें आम्ही स्वतःच्या कानाच्या साक्षीनें सांगतों.

पश्चिमेनें दगा दिल्यावर आम्हीं अर्थातच बृहत्संहिता उघडली. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें ग्रहांच्या गतीबरोबर कलपाचाही विचार केला आहे, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. त्याच्या गंधयुक्तीच्या अध्यायांत कृति अशी आहे: हरकाचे तांदूळ लोहचूर्णासह आंबट द्रवांत लोखंडी भांड्यांत शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लावावे, वर ओलीं पानें गुंडाळून दोन प्रहर बसावें, मग तें काढून आंवळ्याचा लेप द्यावा व पुन्हां पानें गुंडाळून दोन प्रहर बसावें. शेवटीं लोखंडाचा व आंबटाचा वास घालविण्यास सुगंधी तेलें वापरावीं. पुतणीस ही कृति फार पसंत पडली. लोखंड आणि आंवळ्यांतलें तुरट द्रव्य एकत्र आलें कीं काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच रीतीनें होत असे. म्हणजे वराहमिहीर डोक्यावरच शाई करीत होता. पण बारा तास डोक्यास पानें गुंडाळून ओसरीवर बसलों असतों तर आईनें आम्हांस मुलगा तर नाहींच, वडीलही म्हटलें नसतें. तो ग्रंथ मिटला.

शेवटीं मेंदी आणि नीळ यांवर ठरलें. मेंदी चहाच्या काढ्यांत लिंबू पिळून लोखंडी कढईंत रात्रभर भिजविली. रविवारीं सकाळीं आम्ही न्हाणीघरांतल्या आरशासमोर पाटावर बसलों. औंढ्याच्या परिसरांत गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं सरकारनें दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार चार किलोमीटरांच्या भुजांच्या टोकांस टांगावयाचे आरसे अणुगर्भाहूनही कैक पटींनीं सूक्ष्म अशी हालचाल टिपणार आहेत. आमच्या न्हाणीघरांतल्या आरशास अशी कीर्ति नाहीं. पण पंचा गुंडाळलेला, कपाळावरून हिरवा ओघळ उतरलेला निवृत्त संस्कृत शिक्षक त्यानें निर्दयपणें जसाच्या तसा दाखविला.

तीन तासांनीं मेंदी धुतली, तों डोकें शेंदरी. मेंदीचा रंग केसाच्या द्रव्यास चिकटतो खरा, पण तो तांबडाच. काळा करणें हें निळीचें काम. नेमका त्याच वेळीं शेजारचे गृहस्थ पंचांग मागावयास आले. ते पंचांग न घेतांच परत गेले. निळीच्या पानांची भुकटी कोमट पाण्यांत कालवून लगेच लावावी लागते, कारण तिचा खरा रंग हवा लागून उमटतो आणि वाट पाहत नाहीं. दोन तासांनीं नुसत्या पाण्यानें डोकें धुतलें. केस हिरवट दिसूं लागले. आमचा धीर सुटला. पण पुतणी म्हणाली, थांबा, अजून हवा लागूं द्या. आणि खरोखर, मंगळवारीं सकाळपर्यंत ते काळे झाले. अगदीं कोळशासारखे नव्हेत, किंचित् तपकिरी झांक असलेले, जसे आमचे मूळचे होते.

त्या दिवशीं आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. आई भाजी निवडीत होती. तिनें वर पाहिलें, बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाली, “सुटली का शाळा? हातपाय धू आधीं.”

आम्हीं हातपाय धुतले. तिनें आपल्या हातानें दहीभात कालवून आमच्यापुढें ठेवला, आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली. दाराशीं उभी असलेली भावजय तोंड फिरवून माजघरांत निघून गेली. अशीं आठ दिवस गेलीं. त्या आठ दिवसांत आईनें आम्हांस अभ्यास विचारला, विहिरीवर जाऊं नकोस म्हणून बजावलें, आणि एकदां खोटें बोलल्याबद्दल रागेंही भरली. आम्ही एकोणसाठ वर्षांचे आहों हें आम्हांसच कधीं कधीं आठवेना.

नवव्या दिवशीं संध्याकाळीं ती ओसरीवर येऊन बसली ती उठेना. रस्त्याकडे पाहत होती. जवळ गेलों तेव्हां म्हणाली, “तुझे अण्णा अजून आले नाहींत रे. रोज येतात यावेळीं.” तिनें पान वाढूं दिलें नाहीं, यजमान जेवल्यावांचून ती आयुष्यांत कधीं जेवली नव्हती. रात्रीं दहा वाजतां दोन घास घेतले. दुसऱ्या दिवशीं तेंच. तिसऱ्या दिवशींही तेंच. तीन महिने रोज तिच्या डोळ्यांसमोर घरीं येणारे, पान वाढूं का म्हटल्यावर पाटावर बसणारे तिचे यजमान आम्हीं एका रविवारीं नाहींसे केले होते, आणि हें आमच्यापैकीं कोणाच्याही आधीं ध्यानांत आलें नव्हतें. आमच्या बंधूंनीं न राहवून तिला एकदां खरें सांगितलें. ती नुकतीच बातमी कळल्यासारखी रडली. तासाभरानें विसरली, आणि पुन्हां रस्त्याकडे पाहूं लागली. तें सांगणें घरांत आतां सर्वांस वर्ज्य आहे.

केस महिन्याकांठीं साधारण अर्धा इंच वाढतात. भाद्रपद लागला, तसें कानशिलांवर आणि भांगांत पांढरें दिसूं लागलें. भावजय म्हणते, पुन्हां मेंदी लावावी. मुलाजवळ असतात तेव्हां त्या हंसतात तरी. बंधु म्हणतात, राहूं द्यावें. अण्णा आले तर ती जेवेल तरी. पत्नीनें मेंदीची पुडी फडताळांत ठेवली आहे आणि ती कांहींच बोलत नाहीं.

काल दुपारीं आम्ही ओसरीवर आलों. आईनें आमच्या डोक्याकडे निरखून पाहिलें, अर्धें पांढरें, अर्धें काळें. मग पदर सारखा करून म्हणाली, “या, बसा. कोणत्या गांवचे आपण?” आम्हीं सांगितलें, औंढ्याचेच. तिनें आंतून तांब्याभांडें आणलें, वाटींत गुळाचा खडा ठेवला. “मग आमच्याकडच्यांना ओळखत असाल,” असें ती म्हणाली. आम्हीं हो म्हटलें, आणि पाणी प्यालों.

उद्यां रविवार आहे. मेंदी भिजवावयाची तर आज रात्रींच भिजवावी लागेल.