व्ही, के, बी, झेड

मुलांनो, परवा आमच्या वर्गात एक गंमत झाली. गंमत असं आत्ता म्हणते आहे हं! त्या दिवशी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात चौथीला शिकवते. आमच्या वर्गाचं दर वर्षी हस्तलिखित निघतं. मुलं हाताने लिहितात आणि मग ते सगळं आम्ही शाळेच्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवतो, कारण कागदाला वाळवी लागते. जुने कितीतरी अंक तिने फस्त केले आहेत. त्यातलाच एक २००४ सालचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तेव्हा याच शाळेत चौथीत होती. तिने त्या अंकात ‘माझी आई’ असा निबंध लिहिला होता. म्हणजे या मुलीच्या आजीवर. आजी गेल्या पावसाळ्यात वारली. "बाई, मला तो निबंध वाचायचाय," असं ती जून गेल्यापासून माझ्या मागे लागली होती. तेव्हाच्या गुरुजींनी तो अंक संगणकावर उतरवून ठेवला होता. म्हटलं, "देते की! फाइल आहे आपल्याकडे."

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप तालुक्याला नेला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून विंडोज ११ टाकून घ्यायचं होतं. दुकानातल्या मुलाने आमच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, बाकीचं सगळं पुसून पाटी कोरी केली आणि त्यावर नवं भरलं. मीही खुशीत परत आले.

शाळा उघडली. टाइप करायला बसते तर मराठी गायब! खाली घड्याळाशेजारी भाषा बदलायचं चिन्ह असायचं, तेही नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबले की भाषा बदलते; ते दहादा दाबून पाहिलं. ढिम्म!

"बाई, त्याला मराठी येईना झालं का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "इंग्रजी अक्षरांत लिहू ना मराठी." म्हटलं, बघू या. फळ्यावर के, ए, एल, ई अशी अक्षरं लिहिली. सगळा वर्ग ओरडला, "काले!" आमच्या वर्गातला काळे आडनावाचा मुलगा असा काही रुसला म्हणता! ती युक्ती तिथेच संपली.

मग जरा शांतपणे विचार केला. (हे आधी करायला हवं होतं.) मराठी सगळीच गेली आहे की थोडी? मोबाइलवरून इंटरनेट जोडलं आणि एक मराठी पान उघडलं. अक्षरं स्वच्छ दिसली. म्हणजे मराठी दाखवता येत होती, फक्त लिहायचा कीबोर्ड नव्हता. कोऱ्या पाटीवर नवं भरलं तेव्हा एकटी इंग्रजीच निवडली गेली होती. आणि भाषा एकच असली की बदलायचं चिन्ह तरी दाखवायचं कशाला?

उपाय सोपा निघाला. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे ‘ॲड अ लँग्वेज’ म्हणून मराठी शोधायची. तिथेच मराठी ही पडद्याची भाषा करायची का, असंही विचारतात. ती वेगळी गोष्ट, तिने मेनूही मराठी होतात. टाइप करायला तिची गरज नाही. मी मराठी घेतली आणि घड्याळाशेजारी चिन्ह हजर! वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मोठ्या ऐटीत मी २००४ ची फाइल उघडली. ती मुलगी अगदी पडद्याला नाक लावून उभी. आणि पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! तिने ओळीओळीतून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "बाई, माझी आई इंग्रजीत लिहायची?"

मला काही बोलता येईना. कीबोर्ड तर आला होता, मग हे काय? तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, हे सारखं सारखं येतंय. व्ही, के, बी, झेड. ते काय आहे?"

मी आमच्या निवृत्त गुरुजींना फोन लावला. त्यांनी ती चार अक्षरं ऐकली आणि खो खो हसले. "अहो बाई, ती ‘आई’ आहे! कृतिदेव फाँट टाकलात का?"

मुलांनो, संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. आज युनिकोडमध्ये आपल्या ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. ‘ळ’चा २३५५. देवनागरीला असे क्रमांक १९९१ सालीच मिळाले, पण आमच्या शाळेपर्यंत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर कृतिदेवसारखे फाँट वापरत. त्यात आत क्रमांक इंग्रजी अक्षराचाच आणि वरून मराठी अक्षराचा मुखवटा. व्हीला ‘अ’चा, केला कान्याचा, बीला ‘इ’चा आणि मोठ्या झेडला रफाराचा. चौघं ओळीने उभे राहिले की ‘आई’. लॅपटॉप कोरा करताना फाँट पुसला गेला, मुखवटे गळून पडले आणि आतले व्ही, के, बी, झेड उघडे पडले!

गुरुजींनी तो फाँट पेनड्राइव्हवरच ठेवला होता. तो उघडून ‘इन्स्टॉल’ म्हटलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"माझी आई कापूस वेचायला जाते. तिला वाचता येत नाही. रात्री ती म्हणते, तू वाच, मी ऐकते. मी चुकले की तिला बरोबर कळतं."

"अशीच होती माझी आजी," ती म्हणाली आणि पुढचं मनात वाचू लागली.

मुखवटे पुन्हा हरवू नयेत म्हणून तो निबंध युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचं ठरलं. तिने कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. ‘गूळ’पाशी ती अडली. ‘ळ’ सापडेना. शिफ्ट धरून एन दाबायचं हे सांगितल्यावर तिने उगाचच आणखी चार ‘ळ’ उमटवले आणि मग एकेक पुसले.

पाच वाजता तिची आई न्यायला आली. पडद्यावरचं वाचता वाचता खुर्चीतच बसली. मी म्हटलं, "‘दुध’ पहिलं पडलंय, ते दुसरं करू का?"

"नको, बाई," ती म्हणाली. "राहू द्या. मी तेव्हा तसंच लिहिलं होतं."