माशाची हद्द

नकाशे पाहत बसण्याचा नाद आम्हांस जुना आहे. पूर्वी तो कागदावर भागत असे, हल्ली संगणकाच्या पडद्यावर भागतो. आणि त्या नादातच प्रवाळखडकांवरील माशांच्या हद्दींचे नकाशे आमच्या दृष्टीस पडले. पाण्यात बुडी घेणारे अभ्यासक खडकावर फिती ताणून चौकटी आखतात, एकेका माशावर ठराविक वेळ नजर ठेवतात, आणि तो कोठे चरला, कोठे कोणावर धावला, याच्या खुणा पाटीवर टिपून घेतात. पुढे क्यूजीआयएससारखी विनामूल्य मिळणारी प्रणाली अगदी बाहेरचे बिंदू रेघेने जोडून क्षेत्रफळ सांगते. काम सोयीचे खरे. पण मासा रागाच्या भरात एकदाच दूर धावला, तरी तेवढ्याने त्याची जहागीर फुगते! म्हणून वावर कोठे दाट नि कोठे विरळ, हे छटांनी दाखविण्याचीही रीत आहे.

परंतु आमच्या मनात घर केले ते मिरबर्ग व थ्रेशर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने. कॅरिबियन समुद्रातील तीन ठिपक्यांचा डॅमसेल मासा वीतभरही लांब नसतो. पण जिवंत प्रवाळ कुरतडून तेथे शेवाळाची बाग वाढवितो, आणि नर अंडी राखतो. या दोघांनी निरनिराळ्या जातींचे मासे पारदर्शक बाटलीत घालून त्याच्या दिशेने सरकविले. तेव्हा दिसले की हल्ल्याचे अंतर पाहुण्यागणिक बदलते, आणि सर्वांत लांबून तो धावून जातो तो आपल्याच जातीच्या माशावर. कारण उघड आहे: तेच अन्न, तीच जागा, तीच जोडीदारीण त्यालाही हवी असते. म्हणजे हद्द एक नव्हेच, एकात एक अशा अनेक!

ही चाल आम्हांस मुळीच परकी वाटली नाही. जुन्या घरांत टपालवाला अंगणापर्यंत, ओळखीचा ओटीवर, व्याही माजघरात, आणि माहेरवाशीण थेट चुलीपाशी, असा क्रम असेच. भाऊबंदांचे मात्र त्या माशासारखे होते.

आमच्या मूळ घराच्या मोजणीचा नकाशा कपाटात आहे. वाटणीनंतर त्यावर एक रेघ पडली. ती मोजणीदाराने अचूक काढली याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण जे चुलतबंधू परसातल्या आंब्याखालून न विचारता स्वयंपाकघरात येत, ते आता गणपतीस ओटीवरच प्रसाद घेऊन परततात, हे त्या रेघेत कोठे दिसावे? संगणकावर प्रत्येक जातीच्या माशासाठी निराळा थर ठेवता येतो. तसा आमच्या घराचा नकाशा काढावयास आम्ही एकदा बसलो, तो चुलतबंधूंच्या थरापाशी हात थांबला. यंदा त्यांना आत बोलवावे असे घरात सर्वांचे मत आहे; मात्र उठून कोणी बोलवावे, हे अजून ठरावयाचे आहे.